एक तार सरकते, बाकीच्या थांबतात: पेडल स्टीलच्या श्रवणबैठकीच्या नोंदी

2 मार्च

काम ठरलं ते असं. पेडल स्टील गिटारची (आडवी ठेवून बारने वाजवायची, पायाच्या पेडलांनी ठरावीक तारांचे स्वर बदलणारी गिटार) दहाएक ध्वनिमुद्रणं, दीड तासाची बैठक, प्रत्येक मुद्रणाला अर्ध्या पानाचं टिपण. ऐकणाऱ्यांचे कान रागसंगीताला सरावलेले. काहींना वॅन शिपले, हजारा सिंग यांनी हवाईयन गिटारवर वाजवलेल्या फिल्मी धुना पाठ. अमेरिकन कंट्री संगीताशी ओळख जवळजवळ नाही, असं धरून चालायचं.

निवडीची कसोटी एकच ठेवली: पेडलचं काम कानाला कळलं पाहिजे. दोन-तीन स्वर एकत्र घुमत असताना त्यातला एक हलतो आणि बाकीचे जागचे हलत नाहीत, हे ऐकू यायला हवं. नुसती घसीट हवी असेल तर पेडल लागतच नाही, तारांवर लोखंडी बार पुरतो.

या कसोटीवर पहिल्याच दिवशी बाद झालं ते सांतो आणि जॉनी यांचं 1959 चं ‘स्लीप वॉक’. ‘पेडल स्टीलची सुंदर मुद्रणं’ अशा बहुतेक याद्यांत ते हटकून असतं. सुंदर आहेच, पण त्या स्टीलला पेडल नव्हतं. सगळी करामत बारची. ब्रिजभूषण काबरांची गिटार (‘कॉल ऑफ द व्हॅली’, 1967) ऐकणाऱ्यांना हवीच असणार, पण तिचीही जात वेगळी: एका तारेवरची मींड, मागे षड्जाचा आधार. तिचा उपयोग बैठकीच्या सुरुवातीला मिनिटभर, फरक दाखवण्यापुरता.

4 मार्च

टिपणांसाठी तारांचा तक्ता. नॅशव्हिलच्या कंट्री वादकांचं ई-नाइन ट्यूनिंग (तारांची स्वरजुळणी) पाश्चात्त्य नावांनी लिहिलं की ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांवर झापड येते. ई म्हणजे सा धरून सरगममध्ये लिहिलं आणि सगळं एकदम मोकळं झालं. वादकापासून सर्वांत लांबची तार पहिली. तिथून जवळ येत: रे, नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प. दहा तारा. पहिल्या दोन तारा तिसरीपेक्षा खालच्या स्वराच्या आहेत. क्रम तिथे मोडतो, ही छपाईची चूक नव्हे. टिपणात तसं लिहायचं, नाहीतर कुणीतरी ‘दुरुस्त’ करणार.

डाव्या पायाखाली तीन पेडलं. पहिलं (ए) पाचव्या आणि दहाव्या तारेच्या पंचमाला धैवतावर नेतं. दुसरं (बी) तिसऱ्या आणि सहाव्या तारेच्या गंधाराला मध्यमावर. तिसरं (सी) चौथ्या तारेचा सा रिषभावर आणि पाचव्या तारेचा पंचम धैवतावर. गुडघ्यांनी ढकलायचे लिव्हर वेगळे: एक दोन्ही सा कोमल रिषभावर चढवतो, एक तेच सा निषादावर उतरवतो, एक दुसरी तार आणि नववी तार खाली आणतो. उजवा पाय व्हॉल्यूम पेडलवर.

आता मुद्दा. सा-ग-प वाजतंय, बार जागेवर. ए आणि बी एकत्र दाबले की सा-म-ध झालं. सा हललाच नाही, पण आता तो मध्यमाचा पंचम झाला. बैठकीत सांगायची गोष्ट हीच. बाकी सगळं तिच्या आधाराने येईल.

एकच कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) तीन ठिकाणी मिळते हेही एका ओळीत घालायचं. जी मेजर तिसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे तारांखालच्या आडव्या रेषा) पेडलांशिवाय, सहाव्यावर ए पेडल आणि सा चढवणारा लिव्हर घेऊन, दहाव्यावर ए-बी दाबून. वादक बार एवढा का सरकवतो, याचं उत्तर त्यात आहे.

8 मार्च

आवृत्त्या जमवणं. सगळ्यांत वेळखाऊ काम, आणि इथेच फसगत होते.

पन्नास-साठच्या दशकांतल्या अनेक कंट्री गायकांनी आपलीच गाजलेली गाणी पुढे दुसऱ्या कंपन्यांसाठी पुन्हा गायली. स्ट्रीमिंगवर तेच नाव, तोच गायक, मुखपृष्ठावर जुना फोटो, आणि आत वीस वर्षांनंतरचं मुद्रण. स्टील वाजवणारा भलताच. त्यामुळे आधी मूळ कंपनी आणि साल बघायचं, मग गाण्याची लांबी मूळ 45 फेऱ्यांच्या तबकडीशी जुळते का ते, आणि शेवटी कान. जुन्या मुद्रणात ड्रमवर मोठी घुमारेदार खोली ऐकू आली की थांबायचं.

दुसरी फसगत खोट्या स्टिरिओची. साठच्या दशकात कंपन्यांनी जुनी मोनो मुद्रणं ‘स्टिरिओ’ करून विकली: एका बाजूला खालचे स्वर, दुसरीकडे वरचे, मध्ये किंचित उशीर. स्टीलची आस (तारेचा लांबत जाणारा नाद) यात चिरफाळते. तपासणी सोपी आहे. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही चॅनल वेगळे करा, एकाला उलटा (इन्व्हर्ट), दोन्ही मिसळा. खरं मोनो असेल तर जवळजवळ शांतता उरते. फसफसणारा, पोकळ आवाज उरला तर ती आवृत्ती टाकून द्या.

तबकडीवरून उतरवताना 24 बिट, 96 किलोहर्ट्झ. टर्नटेबलचा वेग अर्धा टक्का चुकला तरी स्वर साडेआठ सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) सरकतो, म्हणून रेकॉर्डवरचा स्वर ट्यूनरशी लावून ‘हा उतरलेला’ असं टिपणात लिहायचं नाही. तुलना करायची ती त्याच मुद्रणातल्या दोन स्वरांची.

9 मार्च

पेडल की बार, हे कानाने ठरत नसेल तर चित्र बघायचं. स्पेक्ट्रोग्राममध्ये (आवाजातले स्वर रेषांनी दाखवणारं चित्र) बार सरकला तर सगळ्या रेषा एकत्र वर जातात, शेजारून शेजारून, जिन्याच्या कठड्यासारख्या. पेडल दाबलं तर एक रेषा (आणि तिच्या वरच्या पटींच्या रेषा) वर चढते, बाकीच्या सपाट.

पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. खिडकी (एका वेळी मोजायच्या नमुन्यांची संख्या) 1024 ची होती. 44.1 किलोहर्ट्झला त्यातली एक पायरी 43 हर्ट्झची पडते, आणि तिसऱ्या तारेचा गंधार मध्यमावर जाताना जेमतेम 25 हर्ट्झ चढतो (415 वरून 440). खिडकी 8192 केली, पायरी साडेपाच हर्ट्झवर आली, रेषा सुटी दिसली. सहाव्या तारेवर हीच हालचाल फक्त 12 हर्ट्झची, तिथे मूळ स्वर न बघता तिसरा स्वरांश बघायचा: 623 वरून 660. मोठ्या खिडकीचा तोटा असा की वेळेचा काठ पुसट होतो, पेडल नेमकं केव्हा दाबलं ते कळत नाही. इथे त्याची गरज नाही.

15 मार्च

पहिली दोन टिपणं.

‘स्लोली’, वेब पियर्स, 1954. स्टील बड आयझॅक्स. पेडल असलेल्या स्टील गिटारी त्याआधीही होत्या, गिब्सनची इलेक्ट्राहार्प 1940 च्या सुमाराची. पण तिथे पेडल म्हणजे ट्यूनिंग बदलण्याची सोय होती. एक कॉर्ड संपली, पेडल दाबलं, पुढची वाजवली. आयझॅक्सने तारा घुमत असतानाच पेडल दाबलं आणि बदल लपवण्याऐवजी ऐकवला. सुरुवातीच्या सुरावटीतच ते होतं. त्याच्या पेडलवर ग→म आणि प→ध दोन्ही हालचाली एकत्र बांधलेल्या होत्या. त्या दोन पेडलांवर वाटून घेण्याचं श्रेय बडी एमन्सला देतात, आणि त्यानंतर कुठला स्वर आधी हलवायचा हे वादकाच्या हाती (खरं तर पायी) आलं. गाणं सतरा आठवडे कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं, आणि स्टीलवाल्यांची पेडल बसवून घ्यायला धावपळ उडाली.

‘टुगेदर अगेन’, बक ओवेन्स, 1964. स्टील टॉम ब्रमली. तबकडीच्या मागच्या बाजूचं गाणं. तरी तेही पहिल्या क्रमांकावर गेलं. मधला स्टीलचा तुकडा या यादीतला माझ्या मते सगळ्यात नेमका. एक स्वर जास्त नाही. लय संथ, त्यामुळे पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही पेडलचा चढ मोजता येतो. बैठकीत हे दोनदा वाजवायचं: एकदा सलग, एकदा तो तुकडा अर्ध्या वेगाने, स्वर न बदलता. अर्ध्याच्या खाली गेलं की सॉफ्टवेअर आस चिरडतं आणि कंप खोटा वाटायला लागतो.

16 मार्च

व्हॉल्यूम पेडलवर वेगळं टिपण हवं. नवख्याला वाटतं की या वाद्याची तार फार वेळ वाजते. तार गिटारचीच आहे, विझतेही तशीच. वादक नखीचा आघात होताना पाय अर्ध्यावर ठेवतो आणि स्वर विझू लागला की हळूहळू पुढे नेतो. जेवढी तार उतरते तेवढा पाय चढतो. जमलं तर आघात झाकला जातो आणि स्वर व्हायोलिनच्या गजासारखा सरळ उभा राहतो. बिघडतं दोन प्रकारे. सुरुवातीलाच पाय पूर्ण दाबला तर पुढे द्यायला काही उरत नाही. किंवा प्रत्येक स्वराला शून्यापासून फुगवलं, तर सगळं वादन धाप लागल्यासारखं येतं. दुसरी खोड फार आढळते.

यासाठी नमुना: ‘आउट ऑन द वीकेंड’, नील यंगच्या ‘हार्वेस्ट’ (1972) मधलं पहिलं गाणं, स्टील बेन कीथ. स्वर मोजके, अंतर भरपूर. ड्रम आणि बास इतके कोरडे की स्टीलच्या पायाचं काम उघडं पडतं.

22 मार्च

पेडल स्टील हाताशी नाही, तेव्हा सा-ग-प चं सा-म-ध प्रत्यक्ष दाखवायला साधी हवाईयन गिटार घेतली. नट (खुंट्यांकडची, तारा टेकतात ती पट्टी) उंच केलेला, चुंबकी पिकअप. ट्यूनिंग ओपन डी: जाड तारेकडून सा, प, सा, ग, प, सा.

ग ची तार (तिसरी) संचात 0.024 इंचाची गुंडाळलेली येते. ती ओढली तर स्वर जेमतेम हलतो. काढून 0.018 ची साधी तार घातली. प साठी 0.014. तार तुटेल ही भीती निराधार: ग चा म आणि प चा ध केला की त्या दोन तारा गिटारच्या नेहमीच्या ट्यूनिंगमधल्या जी आणि बी एवढ्याच ताणावर येतात.

नटच्या मागे, खुंटीकडच्या तुकड्यावर बोटाने दाबलं की ग→म सहज मिळतो. प→ध पूर्ण स्वराचा, एका बोटाने निघत नाही. दोन बोटं एकावर एक ठेवून निघतो, पण दहा मिनिटांत बोटाला खाच पडते. सोडल्यावर ग थोडा चढाच राहत होता. तार नटच्या खाचेत अडकत होती. खाचेत पेन्सिलचं शिसं घासल्यावर परत जागेवर यायला लागला. हे काम दोघांनी करायचं: एक बार आणि नखी सांभाळेल, दुसरा फक्त दाबेल.

व्हॉल्यूम पेडल लावताना आवाज मंद, वरचे स्वर गायब. पेडल 25 किलोओमचं होतं, की-बोर्डसाठीचं. साध्या पिकअपला 500 किलोओमचं लागतं. बदलल्यावर ठीक.

23 मार्च

गंधाराचा प्रश्न. ट्यूनरच्या काट्यावर मधोमध लावलेला ग कॉर्डमध्ये टोचतो. इलेक्ट्रॉनिक तंबोरा लावून त्यातल्या स्वयंभू गंधाराशी जुळवला, तर काटा 14 सेंट खाली. स्टीलवादकही हेच करतात. बहुतेकजण गंधार कानाने, काट्याच्या खाली लावतात, कारण त्यांच्या वाद्यात स्वर इतका वेळ उभा राहतो की बीट (न जुळलेल्या स्वरांची थरथर) लपत नाही. ऐकणाऱ्यांना हे समजावायला दोन वाक्यं पुरतील. हार्मोनियमचे स्वर शुद्ध लागत नाहीत, ही जुनी तक्रार सगळ्यांना ठाऊक आहे.

पुढची गुंतागुंत मात्र मजेशीर आहे. ए-बी दाबून मिळणारा ध हा मध्यमाचा शुद्ध गंधार म्हणून लावला, की तो काट्याच्या 16 सेंट खाली येतो. आता सहाव्या फ्रेटवरची ती दुसरी जागा घ्या, ए पेडल आणि लिव्हर. तिथे तोच ध कॉर्डचा सा होतो. लिव्हरचा कोमल रिषभ त्याचा गंधार म्हणून लावायचा, तर तो सुमारे 30 सेंट खाली पडतो. कॉर्ड आतून शुद्ध, पण अख्खी 16 सेंट उतरलेली. उपाय: बार फ्रेटच्या रेषेवर न ठेवता ब्रिजकडे सरकवायचा. सव्वाचोवीस इंची स्केलला (तारेच्या वाजत्या लांबीला), सहाव्या फ्रेटवर, हे अंतर सुमारे 4 मिलिमीटर भरतं. म्हणून फ्रेटच्या रेषा या वाद्यावर नुसत्या रंगवलेल्या असतात आणि अनुभवी वादक तिथे बार ‘चुकीचा’ ठेवताना दिसतो.

पेडल दाबल्यावर लाकडी खोकं किंचित वाकतं आणि न हललेल्या ताराही दोन-चार सेंट उतरतात, हे टिपणात घालायचं नाही. खरं आहे, पण बैठक दीड तासाची आहे.

29 मार्च

उरलेली टिपणं भराभर.

‘स्टील गिटार जॅझ’, बडी एमन्स, 1963. न्यूयॉर्क, सोबत जेरोम रिचर्डसन, बॉबी स्कॉट, आर्ट डेव्हिस, चार्ली पर्सिप. इथे दुसरं ट्यूनिंग, सी-सिक्स: जाड कॉर्ड, पियानोच्या डाव्या हातासारख्या. यातलं ‘ब्ल्यूएमन्स’ घेतलं.

‘टीच युवर चिल्ड्रन’, 1970, स्टील जेरी गार्सिया. पेडल स्टीलवर हात बसून फार दिवस झालेले नव्हते. मोठ्या उस्तादांच्या तुलनेत काम साधंच, पण उघडताच जी सुरावट येते ती लोकांना आयुष्यभर आठवते. यादीत असणं भाग आहे.

‘बिहाइंड दॅट लॉक्ड डोअर’, जॉर्ज हॅरिसन, 1970, स्टील पीट ड्रेक. याच ड्रेकने 1964 मध्ये ‘फॉरएव्हर’मध्ये स्टीलचा आवाज नळीतून तोंडात घेऊन वाद्याला शब्द बोलायला लावले होते. बैठकीत हसू येईल. एवढ्यासाठी तीस सेकंद.

‘अँड द हिट्स जस्ट कीप ऑन कमिन’, मायकल नेस्मिथ, 1972. अख्ख्या रेकॉर्डवर फक्त नेस्मिथची गिटार व गळा आणि रेड ऱ्होड्सचं स्टील. ना बास, ना ड्रम. शिकायचं असेल तर हीच रेकॉर्ड आधी घ्या, लपायला जागा नाही. पहिलं गाणं ‘टुमॉरो अँड मी’ ठेवलं.

‘जा फुन्मी’, किंग सनी आडे, 1982, ‘जूजू म्युझिक’ मधलं. नायजेरियाचं जूजू, बोलणारे ढोल, आणि मध्येच डेमोला आडेपोजूचं स्टील. कंट्रीचा वाससुद्धा नाही. हे घातल्यावर ‘म्हणजे हे अमेरिकन गावाकडचं वाद्य’ हा समज मोडतो.

‘डीप ब्ल्यू डे’, ब्रायन ईनोच्या ‘अपोलो’ (1983) मधलं, स्टील डॅनिएल लॅन्वा. रीव्हर्बमुळे आस किती आणि खोली किती ते वेगळं करता येत नाही. स्पेक्ट्रोग्रामवरही नाही.

कॅम्पबेल ब्रदर्स, ‘पास मी नॉट’, 1997. हाउस ऑफ गॉड या कृष्णवर्णीय पेंटेकॉस्टल चर्चची परंपरा. चकचं पेडल स्टील, डॅरिकचं लॅप स्टील, दोन्ही एकाच मुद्रणात. कसोटीसाठी याहून चांगला धडा मिळणार नाही: ऐकणाऱ्यांना विचारायचं, आत्ता कोण वाजवतोय? गाणाऱ्या गळ्यासारखी सलग घसीट सहसा डॅरिक, कॉर्डच्या पोटातला बदल म्हणजे चक.

‘सोलेदाद’, सुझन अ‍ॅलकॉर्न, 2015. पियाझोलाच्या टँगो रचना पेडल स्टीलवर. कॉर्ड इतक्या सावकाश उघडतात की पेडलांचा प्रवासच चाल बनतो. अ‍ॅलकॉर्न जानेवारी 2025 मध्ये गेल्या. यादीचा शेवट इथेच.

30 मार्च

आवाजाची पातळी. सगळी मुद्रणं −20 लफ्सवर (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आणली, आणि लगेच कळलं की यंत्राचं ऐकून चालणार नाही. नेस्मिथ आणि अ‍ॅलकॉर्न यांच्या मुद्रणांत वाद्यं कमी. यंत्राने ती वर खेचली आणि स्टील अंगावर यायला लागलं. दोन्ही 3 डेसिबल खाली. ‘स्लोली’ मोनो आहे, ती दोन स्पीकरांवर वाजवली तर खोलीच्या बाजूला बसणाऱ्यांना पातळ लागते. एकाच स्पीकरवर, मधोमध.

खोलीत मोठी अडचण निघाली ती पंख्याची. छताचा पंखा चालू असला की लांब, सरळ स्वराला बारीक थरथर येते. पाती आवाजाची परत येणारी लाट कापतात. गाण्यात किंवा तबल्यात हे जाणवत नाही. स्टीलमध्ये ती थरथर थेट बारच्या कंपासारखी वाटते, आणि ‘डीप ब्ल्यू डे’ तर पार बिघडतं. वेग कमी केल्यावर थरथर संथ झाली, गेली नाही. मुद्रण चालू असताना पंखे बंद, बोलताना चालू. भिंतीवरचा फिरता पंखा कोपऱ्यात, स्पीकरच्या मागे ठेवून चालतो.

5 एप्रिल

क्रम पक्का: काबरांचा एक मिनिट, हवाईयन गिटारवर सा-ग-प चं सा-म-ध, स्लोली, टुगेदर अगेन (दोनदा), ब्ल्यूएमन्स, टीच युवर चिल्ड्रन, फॉरएव्हरचा तुकडा आणि लगेच लॉक्ड डोअर, आउट ऑन द वीकेंड, टुमॉरो अँड मी, चहा, जा फुन्मी, कॅम्पबेल, डीप ब्ल्यू डे, सोलेदाद. पूर्ण मुद्रणं अकरा. एक काढायचं तर टीच युवर चिल्ड्रन, पण काढवत नाही.

प्रात्यक्षिकाची तार आदल्या रात्री बदलायची, सकाळी नव्हे. नवी तार दोन-तीन तास ताणत राहते आणि गंधार दर पाच मिनिटांनी उतरतो.

6 एप्रिल

बैठकीनंतरच्या दुरुस्त्या. तक्त्यातली पहिल्या दोन तारांची ओळ ठळक करायची, तरीही तिघांनी ती चूक म्हणून दाखवली. कॅम्पबेलच्या वेळी ‘आत्ता कोण’ हा प्रश्न गाणं सुरू होण्याआधी विचारायचा, मध्ये बोललं की दोन्ही स्टील हातची जातात. अर्ध्या वेगाचा तुकडा आधी आणि सलग गाणं नंतर, असा क्रम उलटा केला असता तर बरं झालं असतं: हळू ऐकल्यावर लोकांनी मूळ वेगाने पुन्हा मागितलंच. 0.018 ची जादा तार पिशवीत ठेवली होती, लागली नाही. नटमध्ये शिसं पुन्हा घासायचं.